भूक, मेद आणि ऊर्जा : शरीराचा जमाखर्च नेमका कसा चालतो

सर्वसाधारण प्रौढ माणूस अन्नातून दिवसाला सुमारे २,२०० किलोकॅलरी ऊर्जा घेतो असे धरले, तर वर्षभराची बेरीज आठ लाख किलोकॅलरींच्या घरात जाते. तरीही बहुतेकांचे वजन वर्षअखेरीस एखाद्या किलोहून अधिक बदललेले नसते. एक किलो मेदऊतीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. म्हणजे कोणतीही मोजदाद न करता, केवळ भुकेनुसार जेवणाऱ्या माणसाच्या शरीराचा वार्षिक जमाखर्च जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने जुळतो. दिवसाच्या हिशेबात हा फरक एका लहान बिस्किटाएवढा भरतो.

हा ताळमेळ कोण राखते आणि तो कोठे बिघडतो, हा प्रश्न आता शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गापुरता उरलेला नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष अतिवजन किंवा स्थूलतेच्या गटात मोडतात. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के महिला आणि १६.२ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज वर्तवला. एकीकडे वजन घटवणारी नवी औषधे बाजारात आली आहेत, तर दुसरीकडे ‘कमी खा आणि जास्त चाला’ एवढ्या एका वाक्यात रुग्णाची बोळवण करण्याची सवय कायम आहे. या सल्ल्यात तथ्य किती आणि अपुरेपणा किती, हे समजण्यासाठी शरीराची नियमनव्यवस्था समजून घ्यावी लागते.

खर्चाची बाजू

शरीराचा ऊर्जाखर्च तीन भागांत विभागला जातो. सर्वांत मोठा भाग मूलभूत चयापचयाचा. हृदयाचे ठोके, श्वसन, शरीराचे तापमान राखणे, पेशींची दुरुस्ती अशा कामांवर, माणूस स्वस्थ पडून असतानाही, एकूण खर्चापैकी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा जाते. शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के भरणारा मेंदू विश्रांतीच्या काळातील सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. दुसरा भाग अन्नपचनाचा असून तो साधारण १० टक्के असतो. प्रथिने पचवण्यात त्यांच्यातीलच २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते, कर्बोदकांच्या बाबतीत हे प्रमाण पाच ते दहा टक्के असते, तर स्निग्ध पदार्थ जवळपास विनाखर्च साठवणीत जातात. उरलेला तिसरा भाग हालचालींचा. त्यात व्यायामाबरोबरच उठबस, घरकाम, जिना चढणे, उभे राहून काम करणे हे सारे येते. माणसामाणसांत सर्वाधिक तफावत याच भागात दिसते.

साठवणीचेही दोन प्रकार आहेत. यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात काही शे ग्रॅम कर्बोदके असतात. हा हाताशी असलेला किरकोळ खर्चाचा पैसा. खरी ठेव मेदपेशींमध्ये असते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीच्या शरीरात १४ किलो मेदऊती असली, तर केवळ अंकगणिताने तिच्यात एक लाखाहून अधिक किलोकॅलरी, म्हणजे दीड महिन्याची शिदोरी साठलेली असते. उपासमारीच्या अनिश्चित काळातून मानवजात तगून राहिली ती याच ठेवीच्या बळावर. त्यामुळे शरीर या ठेवीवर पहारा ठेवते, यात नवल नाही.

वय वाढले की चयापचय मंदावतो आणि म्हणून चाळिशीत पोट सुटते, हा समज सार्वत्रिक आहे. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनाने तो मोठ्या प्रमाणावर खोडून काढला. २९ देशांतील, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत ६,४०० हून अधिक व्यक्तींचा ऊर्जाखर्च त्यासाठी विचारात घेण्यात आला. शरीराचे आकारमान आणि घडण जमेस धरल्यास वयाच्या २० ते ६० वर्षांदरम्यान ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर तो वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरू लागतो, असे त्यात आढळले. मध्यमवयात वाढणाऱ्या वजनाची कारणे त्यामुळे आहार, हालचाल, झोप आणि स्नायूंची घट यांत शोधावी लागतात.

मेंदूतील नियंत्रण कक्ष

भुकेचे मूळ पोटात आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन आणि त्यांचे विद्यार्थी ए. एल. वॉशबर्न यांनी एक प्रयोग केला. वॉशबर्न यांनी रबरी फुगा गिळला आणि जठराचे आकुंचन व भुकेची जाणीव यांची नोंद घेण्यात आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असल्याचे दिसले. मात्र शस्त्रक्रियेने जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे पुढे स्पष्ट झाल्याने शोधाची दिशा मेंदूकडे वळली.

मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक अर्थात हायपोथॅलॅमस या लहानशा भागाला १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांमध्ये नेमक्या जागी इजा केली, तेव्हा ते उंदीर अतोनात लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात भारतीय शास्त्रज्ञ बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रॉबेक यांनी याच्या उलट चित्र दाखवले. अधश्चेतकाच्या बाहेरील बाजूच्या एका सूक्ष्म भागाला इजा होताच प्राणी समोर अन्न असूनही खाणे पूर्णतः थांबवत होते. भुकेचे केंद्र मेंदूत असल्याचा हा ठळक पुरावा होता. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, शरीरक्रियाशास्त्र विभागाची उभारणी केली.

एक भूककेंद्र आणि एक तृप्तिकेंद्र, ही त्या काळातील मांडणी आता अधिक सूक्ष्म झाली आहे. अधश्चेतकाच्या चापाकृती केंद्रकात परस्परविरोधी काम करणारे चेतापेशींचे दोन समूह असल्याचे आता ज्ञात आहे. एक समूह भूक चेतवतो आणि ऊर्जाखर्चाला लगाम घालतो. दुसरा समूह भूक शमवतो आणि खर्चाला मोकळीक देतो. उंदरांमधील भूक चेतवणाऱ्या पेशी प्रकाशाच्या साहाय्याने कृत्रिमरीत्या उद्दीपित केल्या असता पोट भरलेले उंदीरही काही मिनिटांत अधाशासारखे खाऊ लागतात. या दोन्ही समूहांचे संदेश ज्या ग्राहीवर येऊन पोहोचतात, त्याचे नाव मेलॅनोकॉर्टिन-४. या ग्राहीच्या जनुकातील दोष हे एकाच जनुकामुळे होणाऱ्या स्थूलतेचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

पोटाकडून येणारे निरोप

मेंदूला निर्णयासाठी माहिती लागते आणि ती दोन प्रकारची असते. पहिली तातडीची : आत्ता पोटात काय आहे? दुसरी दीर्घ मुदतीची : ठेवीत किती शिल्लक आहे?

तातडीचे निरोप पचनसंस्थेकडून येतात. १९९९ मध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी जठरात तयार होणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाचा शोध लावला. जेवणाच्या वेळेआधी रक्तातील त्याचे प्रमाण वाढते आणि जेवणानंतर उतरते. ठरलेल्या वेळी भूक लागण्याचे एक कारण यात आहे, कारण शरीर नेहमीच्या वेळापत्रकाला सरावते आणि घ्रेलिन त्यानुसार चढू लागते.

जेवण सुरू झाले की चित्र पालटते. जठर ताणले जाते आणि त्याची खबर व्हेगस या लांबलचक चेतेमार्फत मस्तिष्कस्तंभापर्यंत पोहोचते. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उतरली की तेथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक स्रवते. आतड्याच्या पुढील भागातून पीवायवाय आणि जीएलपी-१ ही संप्रेरके बाहेर पडतात, स्वादुपिंडातून इन्शुलिन आणि अमायलिन येते. या साऱ्यांचा एकत्रित अर्थ ‘पुरे’ असा असतो. हा निरोप तयार होऊन मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात. घाईघाईने जेवणारा माणूस तृप्तीची जाणीव होण्याआधीच जास्त खाऊन बसतो, त्यामागे हे कारण आहे.

मात्र पोट भरल्यावरही पंगतीत जिलेबीसाठी जागा होते. त्याचे स्पष्टीकरण असे की, तृप्ती ही बऱ्याच अंशी चवीगणिक वेगळी असते. भात-आमटीची इच्छा संपली तरी गोडाची संपलेली नसते. शिवाय गोड आणि स्निग्ध पदार्थ मेंदूतील सुखद अनुभवाशी निगडित असलेली डोपामिनची यंत्रणा जागी करतात. ऊर्जेची गरज आणि खाण्याची इच्छा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि मुबलकतेच्या काळात दुसरी पहिलीवर सहज मात करते.

मेदऊतीची वाचा

दीर्घ मुदतीच्या निरोपाचा शोध उंदरांपासून सुरू झाला. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये काही विलक्षण लठ्ठ उंदीर जन्माला आले. ते सतत खात होते. तेथील डग्लस कोलमन यांनी पुढे दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडण्याचे प्रयोग केले. एका प्रकारचा लठ्ठ उंदीर सामान्य उंदराशी जोडला असता त्याचे खाणे कमी होऊन वजन उतरले. दुसऱ्या प्रकारच्या लठ्ठ उंदराशी जोडलेला सामान्य उंदीर मात्र खाणे सोडून उपासमारीने मेला. कोलमन यांनी यातून काढलेला निष्कर्ष असा की, रक्तातून वाहणारा एखादा तृप्तिकारक घटक असला पाहिजे; पहिल्या प्रकारच्या उंदरांत तो तयारच होत नाही आणि दुसऱ्या प्रकारच्या उंदरांत तो विपुल असूनही जाणवत नाही.

तो घटक कोणता, हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने जनुक शोधून दाखवून दिले. मेदपेशींत तयार होणाऱ्या या संप्रेरकाला ‘सडपातळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून लेप्टिन असे नाव मिळाले. मेदऊती ही केवळ निष्क्रिय कोठी नसून मेंदूशी बोलणारे अवयव आहे, ही दृष्टी या शोधाने दिली. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० मध्ये लास्कर पुरस्कार विभागून देण्यात आला.

माणसातील पुरावा १९९७ मध्ये केंब्रिजहून आला. स्टीफन ओराहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन भावंडांचा, चुलत-मावस नात्यातील मुलांचा, अभ्यास मांडला. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो, तर दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो होते. जन्मतःच त्यांच्या शरीरात लेप्टिन तयार होत नव्हते. प्रयोगशाळेत बनवलेले लेप्टिन इंजेक्शनद्वारे दिल्यानंतर या मुलीची भूक आटोक्यात आली आणि वर्षभरात तिचे वजन १६ किलोंहून अधिक घटले. अन्नासाठी झगडणाऱ्या या मुलांना तोवर हावरट आणि त्यांच्या पालकांना निष्काळजी ठरवणे सोपे होते. दोष प्रत्यक्षात एका प्रथिनाच्या अभावाचा होता.

या यशानंतर लेप्टिन हे स्थूलतेवरील सर्वसाधारण औषध ठरेल, अशी आशा निर्माण झाली. ती फलद्रूप झाली नाही. बहुतेक स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन कमी नसून जास्त असते, परंतु मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. यातून लेप्टिनची खरी भूमिका उलगडली. ठेव वाढल्याची वर्दी देण्यापेक्षा ठेव आटत असल्याचा इशारा देणे, हे त्याचे मुख्य काम आहे. लेप्टिनची पातळी उतरली की मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. भूक वाढते, ऊर्जाखर्च घटतो आणि प्रजननाशी संबंधित संप्रेरकेही मंदावतात. अतिशय कृश महिला धावपटूंची मासिक पाळी थांबण्यामागे हीच साखळी आहे.

वजन घटले की शरीर प्रतिकार का करते

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा अन्न कसे द्यावे, याचे शास्त्र उपलब्ध नव्हते. त्यासाठी मिनेसोटा विद्यापीठाचे अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. नैतिक कारणास्तव शस्त्र हाती घेण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. शरीर थंड पडू लागले, नाडी मंदावली, चयापचय झपाट्याने उतरला. मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवायला सुरुवात केली. पुन्हा हवे तेवढे खाण्याची मुभा मिळाल्यावर त्यांची भूक कित्येक आठवडे भागेना, आणि स्नायू पूर्ववत होण्याआधी मेद परतला. हा प्रयोग धडधाकट, सडपातळ तरुणांवर झाला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

स्थूल व्यक्तींमध्ये काय घडते, याचे उदाहरण २०१६ मध्ये पुढे आले. वजन घटवण्याच्या एका प्रसिद्ध अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनंतर पाठपुरावा केला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो वजन घटवले होते. त्यांपैकी सरासरी ४१ किलो सहा वर्षांत परतले. तरीही त्यांचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च, त्यांच्या शरीराच्या आकारमानावरून अपेक्षित असलेल्या खर्चापेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच होता. वजन वाढले, पण काटकसर संपली नाही.

या निरीक्षणांचा अर्थ वजन कमी करणे अशक्य आहे असा नव्हे. कितीतरी लोक घटवलेले वजन टिकवतात. परंतु त्यासाठी त्यांना वाढलेली भूक आणि आखडलेला खर्च या दोहोंशी दीर्घकाळ सामना करावा लागतो. शरीराची ही रचना एकतर्फी आहे : ठेव घटण्याला ते कसून विरोध करते, वाढण्याला मात्र फारसा करत नाही.

भारतीय देहाची घडण

वजनाचा आकडा शरीर कशाचे बनले आहे हे सांगत नाही. या विषयात पुण्यातील संशोधनाने जगाच्या विचारात भर घातली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ग्रामीण भागातील गर्भवतींचा आणि त्यांच्या अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे लहान होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लक्षणीयरीत्या कमी वाढलेले होते. मात्र पाठीवरील त्वचेखालच्या मेदात त्या मानाने फारच थोडी घट होती. दिसायला किडकिडीत, पण घडणीने मेदबहुल. या बाळांना संशोधकांनी ‘थिन-फॅट’ म्हणजे ‘कृश-स्थूल’ म्हटले.

हीच बाब प्रौढांत दाखवणारे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. त्यात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र प्रा. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. निर्देशांक एक, देह मात्र दोन वेगळ्या घडणींचे.

याचा परिणाम आजारांवर होतो. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी शर्करा स्नायू उचलतात. स्नायू कमी असले की हा मार्ग अरुंद होतो. त्वचेखाली मेद साठवण्याची जागा अपुरी पडली की तो यकृतात आणि पोटातील अवयवांभोवती साचतो व इन्शुलिनचा प्रभाव क्षीण करतो. त्यामुळे पाश्चात्त्यांपेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात भारतीयांना मधुमेह व हृदयविकार गाठतात. भारतीय तज्ज्ञांनी म्हणूनच अतिवजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ आणि स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५ बीएमआय अशी ठरवली. कमरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० आणि महिलांना ८० सेंटिमीटर ही सीमा आखली. ‘इंडियाब’ अभ्यासात सर्वसाधारण स्थूलता २८.६ टक्के, तर पोटाची स्थूलता ३९.५ टक्के लोकांत आढळली. वजनकाट्यावर न दिसणारा धोका शिवणकामाच्या साध्या टेपने दिसतो, असा याचा अर्थ. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही केवळ बीएमआयच्या आधारे स्थूलतेचे निदान करू नये, अशी शिफारस केली.

बदललेले भोवताल

वजनाच्या बाबतीत माणसामाणसांत जे फरक दिसतात, त्यांपैकी ४० ते ७० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांवरून अनुमान आहे. परंतु दोन-तीन पिढ्यांत जनुके बदलत नाहीत. बदलले आहे ते भोवताल.

हॉल यांच्याच गटाने २०१९ मध्ये २० व्यक्तींना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेले अन्न त्यांच्यापुढे ठेवण्यात आले. दोन्ही आहारांत उपलब्ध ऊर्जा, साखर, स्निग्धांश आणि तंतुमय घटक यांचे प्रमाण सारखे राखले होते, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना त्यांनी दिवसाला सरासरी ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. माणसे तीच, त्यांचा निर्धारही तोच. ताटातील पदार्थ तेवढे बदलले होते.

झोपेचाही यात वाटा आहे. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू देण्यात आले, तेव्हा त्यांच्या रक्तातील लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. रात्रपाळी, लांबचा प्रवास आणि उशिरापर्यंत चालणारा मोबाइल यांचा हिशेब शरीर अशा रीतीने भुकेच्या खात्यावर लिहिते.

औषधांचे बळ आणि मर्यादा

आतड्यातील जीएलपी-१ हे संप्रेरक भूक शमवते आणि इन्शुलिनच्या स्रावाला चालना देते, पण शरीरातील विकर त्याला दोनेक मिनिटांतच निकामी करतात. हिला मॉन्स्टर या अमेरिकी विषारी सरड्याच्या लाळेत याच्याशी साधर्म्य असलेले, पण टिकाऊ रसायन सापडले. त्यावर आधारित पहिल्या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजुरी मिळाली. पुढे आठवड्यातून एकदा घ्यावयाचे सेमाग्लुटाइड विकसित झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,९६१ प्रौढांवरील चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटले. औषधाविना असलेल्या तुलना गटात ही घट २.४ टक्के होती. दोन संप्रेरकांची नक्कल करणारे टिर्झेपेटाइड आणि वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले.

या औषधांनी एक सैद्धांतिक वादही मिटवला. संप्रेरकाचा निरोप बदलताच, ज्यांना वर्षानुवर्षे पथ्य जमले नाही त्यांची अन्नाची ओढ ओसरली. म्हणजे अडचण केवळ निर्धाराची नव्हती. मात्र औषध थांबवल्यावर घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचे याच चाचणीच्या पुढील टप्प्यात दिसले. पहारा उठला नव्हता, तो तात्पुरता शांत झाला होता. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे सर्वसामान्य दुष्परिणाम आहेत. शिवाय घटणाऱ्या वजनात स्नायूंसह मेदरहित ऊतींचाही वाटा असतो. मुळातच स्नायू कमी असलेल्या भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे. पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम यांची जोड नसेल, तर काट्यावरील यश शरीराला महागात पडू शकते. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीविना, लग्नसराईआधी झटपट बारीक होण्यासाठी घेण्याची नाहीत.

निष्कर्षाचे व्यावहारिक अर्थ

ऊर्जेचा हिशेब खोटा नाही. घेतलेली ऊर्जा खर्चापेक्षा अधिक झाली तरच मेद वाढतो. मात्र या हिशेबाच्या दोन्ही बाजू स्वतंत्र नाहीत. एक हलवली की शरीर दुसरी सरकवते. म्हणून तीव्र उपासापेक्षा दीर्घकाळ पाळता येईल असा बेताचा बदल अधिक टिकतो. प्रथिने आणि तंतुमय पदार्थ तृप्तीला हातभार लावतात. व्यायामाने एकट्याने फार वजन घटत नाही, परंतु तो स्नायू राखतो, इन्शुलिनचा प्रभाव सुधारतो आणि घटवलेले वजन टिकवण्यास मदत करतो. वजन न घटताही त्याचे लाभ मिळतात. वजनाबरोबर कमरेचा घेर, रक्तशर्करा आणि रक्तदाब यांची नोंद ठेवणे भारतीयांसाठी विशेष आवश्यक आहे, आणि हे सडपातळ दिसणाऱ्यांनाही लागू आहे.

धोरणाच्या पातळीवर पुण्याच्या अभ्यासाचा अर्थ आणखी खोल जातो. शरीराची घडण गर्भातच आकार घेऊ लागत असेल, तर मधुमेहाच्या प्रतिबंधाची सुरुवात चाळिशीतील तपासणीपासून नव्हे, तर किशोरवयीन मुली आणि गर्भवतींच्या पोषणापासून करावी लागेल. कुपोषण आणि स्थूलता या दोन वेगळ्या खात्यांच्या समस्या नाहीत. कित्येकदा त्या एकाच देहाच्या, काही दशकांच्या अंतराने दिसणाऱ्या दोन अवस्था असतात.

आणि दवाखान्यात, घरात, शाळेत लठ्ठ व्यक्तीकडे पाहण्याच्या दृष्टीचाही प्रश्न आहे. भूक ही श्वासासारखी थोडा वेळ रोखता येते, कायमची नाही. ती कोण किती तीव्रतेने अनुभवतो, हे जनुके, गर्भावस्था, झोप, औषधे आणि बाजारात सहज मिळणारे अन्न यांवर ठरते. टोमण्यांनी यांपैकी कशातही फरक पडत नाही. उलट अपमानाच्या भीतीने माणसे तपासणीच टाळतात आणि उपचार लांबणीवर पडतात. शरीर आपल्या ठेवीचे रक्षण करते, हे त्याचे वैगुण्य नसून लाखो वर्षांचे शहाणपण आहे. मुबलकतेच्या काळात त्या शहाणपणाशी जुळवून घेण्यासाठी रुग्णाला दटावणीपेक्षा अचूक माहिती, परवडणारे पोषक अन्न आणि सातत्याची वैद्यकीय साथ यांची गरज असते.